जॉर्ज स्ट्राइसिंगर

जॉर्ज स्ट्राइसिंगर (जन्म : २७ डिसेंबर १९२७, बुडापेस्ट, हंगेरी, मृत्यू : ११ ऑगस्ट १९८४) हे हंगेरीत जन्मलेले अमेरिकन रेणवीय जीवशास्त्रज्ञ होते. झेब्राफिश (शास्त्रीय नाव : डॅनिओ रेरिओ) या लहानशा माशाच्या आधारे पृष्ठवंशीय प्राण्यांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करण्याच्या पद्धती त्यांनी विकसित केल्या. भ्रूणविकास आणि मानवी रोग यांच्या संशोधनात हा मासा आज जगभर वापरला जातो. त्यामुळे स्ट्राइसिंगर यांना झेब्राफिश संशोधनाचे जनक मानले जाते.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

स्ट्राइसिंगर यांचा जन्म एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी छळाच्या भीतीमुळे १९३० च्या दशकाच्या अखेरीस हे कुटुंब हंगेरी सोडून न्यू यॉर्क येथे स्थायिक झाले. १९४४ मध्ये त्यांनी ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्समधून शालेय शिक्षण पूर्ण केले. त्याच वर्षी, वयाच्या सतराव्या वर्षात असताना, प्रसिद्ध आनुवंशिकीतज्ज्ञ थिओडोसियस डोब्झान्स्की यांच्यासमवेत फळमाशीवरील त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर त्यांनी इलिनॉय विद्यापीठात साल्वादोर लुरिया यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे माक्स डेलब्र्यूक यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केले.

विषाणूंवरील संशोधन

जीवाणूंना संसर्ग करणाऱ्या टी-४ या विषाणूची आनुवंशिकता हा स्ट्राइसिंगर यांचा पहिला प्रमुख विषय होता. या विषाणूचा जनुकीय नकाशा वर्तुळाकार असल्याचे त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले. १९६६ मध्ये त्यांच्या गटाने विषाणूच्या लायसोझाइम या प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम तपासून, डीएनएमधील एखादे अक्षर वाढले किंवा गळले तर पुढील संदेशाचे वाचन कसे बदलते, याचा थेट पुरावा दिला. डीएनएची प्रत तयार होत असताना सारख्याच अक्षरांच्या पुनरावृत्तीपाशी धागा घसरतो व त्यामुळे अशा चुका होतात, अशी उपपत्तीही त्यांनी मांडली. ही उपपत्ती आजही ग्राह्य धरली जाते.

झेब्राफिशची निवड

१९६० मध्ये स्ट्राइसिंगर युजीन येथील ओरेगन विद्यापीठाच्या नव्यानेच स्थापन झालेल्या रेणवीय जीवशास्त्र संस्थेत दाखल झाले. विषाणूंच्या क्षेत्रात नाव झालेले असतानाही त्या दशकाच्या अखेरीस ते मज्जासंस्थेच्या अभ्यासाकडे वळले. मज्जासंस्थेची घडण जनुके कशी ठरवतात, हा त्यांचा प्रश्न होता. सिडनी ब्रेनर यांनी अशाच प्रश्नासाठी सूत्रकृमीची, तर सीमोर बेन्झर यांनी फळमाशीची निवड केली होती. स्ट्राइसिंगर यांना मात्र पृष्ठवंशीय प्राणी हवा होता.

झेब्राफिश हा मूळचा दक्षिण आशियातील ओढे, नद्या आणि भातशेतांतील मासा होय. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांविषयीच्या १८२२ च्या ग्रंथात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. सुमारे ३ ते ४ सेंटिमीटर लांबीचा हा मासा शोभेच्या माशांच्या दुकानांत स्वस्तात मिळत असे. मादी एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालू शकते. भ्रूण मातेच्या शरीराबाहेर वाढतो आणि पारदर्शक असल्याने त्याची वाढ सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येते. शरीराची मूळ रचना २४ तासांत आकार घेते आणि सुमारे ३ महिन्यांत मासा प्रजननक्षम होतो.

या माशाच्या आनुवंशिक अभ्यासाची साधने मात्र अस्तित्वात नव्हती. ती घडवण्यात सुमारे दहा वर्षे गेली आणि या काळात झेब्राफिशविषयी त्यांनी फारसे काही प्रसिद्ध केले नाही.

१९८१ चा शोधनिबंध

बहुतेक जनुकीय दोष दोन्ही पालकांकडून आल्याशिवाय प्रकट होत नाहीत. त्यामुळे ते शोधण्यास अनेक पिढ्या लागतात. स्ट्राइसिंगर यांनी यावर उपाय शोधला. अतिनील किरणांनी शुक्राणूंतील डीएनए निकामी करून त्यांनी अंडी फलित केली. अशा भ्रूणात केवळ मातेची जनुके असतात. त्यानंतर उष्णता देऊन पेशीचे पहिले विभाजन रोखले असता गुणसूत्रे दुप्पट होतात आणि प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती एकसारख्या असलेला मासा तयार होतो. अशा मादीच्या अंड्यांपासून याच पद्धतीने मिळणारी सर्व पिल्ले परस्परांच्या हुबेहूब आनुवंशिक प्रती असतात. हे संशोधन १९८१ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पेशीकेंद्रक बदलून केलेल्या डॉली मेंढीच्या क्लोनिंगपेक्षा ही पद्धत भिन्न आहे.

सामाजिक कार्य

स्ट्राइसिंगर यांनी व्हिएतनाम युद्धाला विरोध केला. जंगलांत फवारल्या जाणाऱ्या, उत्परिवर्तन घडवू शकणाऱ्या रसायनांविरुद्धही त्यांनी शास्त्रीय भूमिका मांडली. त्यांच्या पत्नी लोट्टे या कुंभारकलेतील कलाकार होत्या. युजीन येथील सॅटरडे मार्केट हा कारागिरांचा बाजार १९७० मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुरू झाला.

मृत्यू आणि वारसा

१९७५ मध्ये स्ट्राइसिंगर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आले. १९८४ मध्ये पाण्याखाली डायव्हिंग करत असताना वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी झेब्राफिशवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्याच होत्या. चार्ल्स किमेल, मॉन्टे वेस्टरफील्ड आदी ओरेगनमधील सहकाऱ्यांनी हे काम पुढे नेले आणि पद्धतींची माहिती इतर संशोधकांना उपलब्ध करून दिली.

१९९६ मध्ये ट्युबिंगेन व बॉस्टन येथील गटांनी या माशातील उत्परिवर्तनांचे व्यापक सर्वेक्षण प्रसिद्ध केले. २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. मानवाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना झेब्राफिशमध्ये किमान एक समकक्ष जनुक असल्याचे त्यातून दिसून आले. स्ट्राइसिंगर यांनी प्रयोगांत खूण म्हणून वापरलेल्या फिकट रंगाच्या ‘गोल्डन’ माशांतील जनुक २००५ मध्ये ओळखले गेले. त्याच जनुकाचे मानवी रूप त्वचेच्या रंगावर परिणाम करते.

झेब्राफिशचा आंतरराष्ट्रीय साठा व माहितीकोश युजीन येथेच आहे. भारतात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांसह अनेक ठिकाणी या माशावर संशोधन चालते. ओरेगन विद्यापीठातील एका इमारतीस स्ट्राइसिंगर यांचे नाव देण्यात आले आहे.