अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

मैत्रिणींनो, अंगणवाडीच्या भिंतीवर चार गोल काढलेले असतात ना, अंडी, अळी, कोष, फुलपाखरू? ताईंनी चित्रांचं पुस्तक उघडलं की पोरं एका सुरात घोकतात. पण हा 'अंगणवाडी' शब्द आला कुठून? तो ज्यांच्या कामातून आला त्या ताराबाई मोडक काही वर्षं आपल्या शेजारच्या अमरावतीच्या सूनबाई होत्या, बरं का!

ताराबाई माहेरच्या केळकर. जन्म १८९२ चा. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, म्हणून मुलीला शिकू दिलं. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. तेव्हा अशा बायका बोटांवर मोजण्याइतक्या. मग लग्न होऊन अमरावतीला आल्या, पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये तो कायमचा मोडला. आजही एखादी अशी वेगळी झाली तर गल्लीत काय काय बोललं जातं, ते आपण ऐकतोच. तेव्हाचं तर विचारूच नका. त्यात पदरात लहान मुलगी.

ताराबाई रडत बसल्या नाहीत. राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या मुख्याध्यापिका झाल्या. मानाची नोकरी! तीही सोडली आणि भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. एकट्या बाईनं स्थिर नोकरी सोडायची, ती कशासाठी, तर तीन-चार वर्षांच्या पोरांना शिकवायला. लोकांना हे कसं पटावं? तिथे त्यांनी माँटेसोरीबाईंची पद्धत आपल्या मातीत रुजवली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार.

खरी परीक्षा पुढेच होती. १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या मुंबई सोडून बोर्डी गावी गेल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं चरताहेत आणि पोरं तिथेच शिकताहेत. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणार कुणाला? मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली.

त्यांच्या वाटेनं जायचं तर पुस्तकातल्या चार गोलांआधी पोराला खरी अळी दाखवायला हवी. आपल्याकडे ते जरा अवघडच. यवतमाळात अळी म्हटलं की बोंडअळीच आठवते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कपाशीची दैना केली, आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यातले शेतकरी, मजूर दगावले. ज्या घरानं ते पाहिलं, त्या घरातलं पोर अळी दिसली की चिरडायलाच धावणार. त्याला काय बोल लावायचा? पण बोंडअळीचा पतंग होतो, तो वेगळा. आणि परसातल्या गोडनिंबावरची अळी वेगळी. ती अंड्यातून निघते तेव्हा अगदी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. वाढली की हिरवीगार होते, मग फांदीला कोष करते, आणि साधारण महिनाभरात सगळा खेळ संपून काळं-पिवळं फुलपाखरू उडून जातं. चार-दोन पानं खाल्ली तर खाऊ द्या, वरणाच्या फोडणीला तेवढी उरतात! रोज पोराला तिथे न्यायचं, बोलायचं कमी. पुस्तक मग काढायचं. चित्रावर बोट ठेवून पोरच आपल्याला सांगेल.

बोर्डीला ताराबाईंना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. त्या बालविधवा, हिमतीनं शिकलेल्या. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेलं. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या, आणि काम अनुताईंनी पुढे नेलं.

सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना नाव दिलं ते अंगणवाडी. ते पाहायला ताराबाई दोन वर्षांनी कमी पडल्या.