स्वामी विवेकानंद : वकिलीच्या उंबरठ्यावरून

स्वामी विवेकानंदांचे पूर्वाश्रमीचे नाव नरेंद्रनाथ दत्त. जन्म १२ जानेवारी १८६३, कलकत्ता. वडील विश्वनाथबाबू हायकोर्टात ॲटर्नी होते. मुलानेही वकील व्हावे, ही त्यांची इच्छा. नरेंद्रांनी जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनमध्ये पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा कसून अभ्यास केला. १८८४ साली ते बी. ए. झाले, कायद्याचा अभ्यासही सुरू होता. त्याच फेब्रुवारीत वडील वारले. मागे कर्ज निघाले, भाऊबंदांनी राहत्या घरावरून कोर्टकज्जा मांडला. आई व धाकट्या भावंडांचा भार नरेंद्रांवर आला. उपाशीपोटी ते नोकरीसाठी हिंडले. काही दिवस ॲटर्नीच्या कचेरीत राबले, काही दिवस शाळेत शिकविले. वकिलीची परीक्षा झाली असती, तर घराची ददात मिटली असती. परंतु गुरू श्रीरामकृष्ण कर्करोगाने अंथरुणास खिळले होते. नरेंद्रांनी परीक्षा सोडली व काशीपूरच्या बागेत गुरुसेवेस वाहून घेतले. १६ ऑगस्ट १८८६ रोजी श्रीरामकृष्ण समाधिस्थ झाले.

१८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत याच तरुणाने हिंदू धर्माची बाजू जगापुढे मांडली. संन्यास घेतला, तरी आईची काळजी त्यांनी टाकली नाही. खेतडीचे राजे अजितसिंग त्यांच्या घरी दरमहा १०० रुपये पाठवीत. ४ जुलै १९०२ रोजी बेलूर मठात स्वामीजींनी देह ठेवला.