अचूक ठिणगीचे शिल्पकार रॉबर्ट बॉश

पावसाळ्यात नरखेड तालुक्यातील रस्त्यांवर मोटारसायकल चालविणे ही कौशल्याची परीक्षाच असते. संत्र्याच्या बागांतून आणि शेतांतून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. एक सर पडली की ती निसरडी होते. मग वळणावर ब्रेक थोडा अधिक दाबला गेला किंवा ॲक्सिलरेटरची मूठ थोडी अधिक पिळली गेली, तर चाक घसरायला क्षणही पुरत नाही. आधुनिक स्पोर्ट मोटारसायकलींमध्ये अशा वेळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मदतीला येते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, ट्रॅक्शन कंट्रोल मागच्या चाकाला जागच्या जागी गरगरू देत नाही. या यंत्रणांच्या विकासात ज्या कंपनीचा मोठा वाटा आहे, तिच्या संस्थापकाने यांपैकी एकही यंत्रणा पाहिली नव्हती. तरीही त्यांचे मूळ त्याच्याच आयुष्यात सापडते. हा संस्थापक म्हणजे रॉबर्ट बॉश.

जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात २३ सप्टेंबर १८६१ रोजी बॉश यांचा जन्म झाला. बारा भावंडांतील ते अकरावे. वडील शेती करीत आणि खानावळही चालवीत. घर खाऊनपिऊन सुखी होते आणि मुलांच्या शिक्षणाबाबत वडिलांचा कटाक्ष होता. शाळा संपल्यावर रॉबर्ट यांनी उल्ममध्ये सूक्ष्म यंत्रांच्या कारागिरीची उमेदवारी केली. मात्र तेथील शिकवणीने त्यांचे समाधान झाले नाही. पुढे अनेक कारखान्यांत काम करीत, स्टुटगार्टच्या तंत्रशिक्षण संस्थेत काही काळ व्याख्याने ऐकत त्यांनी आपले ज्ञान वाढविले. १८८४ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांच्या उद्योगात त्यांनी काम केले. परतताना इंग्लंडमध्ये सीमेन्सच्या कारखान्यातही अनुभव घेतला.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी वडिलोपार्जित १०,००० मार्कांच्या बळावर त्यांनी स्टुटगार्टमध्ये छोटी कार्यशाळा उघडली. सोबत एक कारागीर आणि एक पोऱ्या, एवढाच पसारा. टेलिफोन बसविणे, विजेची घंटा दुरुस्त करणे अशी मिळतील ती कामे करीत पहिली काही वर्षे ओढगस्तीत गेली. १८८७ मध्ये एका ग्राहकाने इंजिनासाठी मॅग्नेटोची मागणी केली. इंजिनाच्याच फिरण्यातून वीज निर्माण करून इंधनाला ठिणगी देणारे हे उपकरण. बॉश यांनी ते तयार करून दिले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

तोपर्यंतचे मॅग्नेटो एका जागी बसविलेल्या संथ इंजिनांपुरतेच उपयोगी होते. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स यांनी द दियों-बुतों कंपनीची तीनचाकी मोटारगाडी त्यांच्याकडे आणली. मोटारसायकलीचीच ही जवळची आप्त. तिचे इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेत असे. इतक्या वेगाला जुना मॅग्नेटो साथ देऊ शकत नव्हता. बॉश यांच्या कार्यशाळेतील आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी तोड काढली. गुंडाळीचा जड भाग हलविण्याऐवजी तो स्थिर ठेवून त्याभोवती हलके आवरण हलविण्याची ती कल्पना होती. ठिणगी वेळेवर पडू लागली आणि वेगवान वाहनाच्या इंजिनाला भरवशाची साथ मिळाली. १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यासोबतचा स्पार्क प्लग सिद्ध केला. पहिल्या महायुद्धापूर्वी बॉश यांच्या मालाचा फार मोठा हिस्सा परदेशात विकला जात होता.

आजच्या ट्रॅक्शन कंट्रोलचे नाते या ठिणगीशी थेट जुळते. पूर्वी चालकाची मूठ तारेने थ्रॉटलच्या झडपेला जोडलेली असे; हात जितका फिरेल तितकी झडप उघडे. राइड-बाय-वायर यंत्रणेत सेन्सर मुठीचा कोन मोजतो, संगणक त्याचा अर्थ लावतो आणि छोटी मोटर झडप उघडते. त्यामुळे पावसासाठी सौम्य, शर्यतीसाठी तीव्र असा इंजिनाचा प्रतिसाद ठरविता येतो. मागचे चाक पुढच्यापेक्षा वेगाने फिरू लागले, की संगणक झडप मिटवू लागतो. पण त्याहूनही तातडीने तो ठिणगी उशिरा पाडतो किंवा क्षणभर थांबवितो. ठिणगी नेमक्या क्षणी पाडण्यात बॉश यांनी उमेद खर्ची घातली. तीच ठिणगी नेमक्या क्षणी रोखून आज घसरणारे चाक सावरले जाते.

अचूकतेचा हा आग्रह केवळ यंत्रांपुरता नव्हता. आपली वस्तू कोणी तपासावी आणि ती कमअस्सल ठरावी, ही कल्पनाच त्यांना असह्य होती. विश्वास गमावण्यापेक्षा पैसा गमावणे बरे, हे त्यांच्या व्यवहाराचे सूत्र होते. १९०६ मध्ये, जर्मन कारखान्यांत त्याहून दीर्घ पाळ्या रूढ असताना, त्यांनी आठ तासांचा दिवस लागू केला. उद्योजकांच्या वर्तुळात त्यांना लाल बॉश म्हटले जाऊ लागले. तरीही १९१३ मध्ये त्यांच्या कारखान्यात संप झालाच. १९१० मध्ये त्यांनी स्टुटगार्टच्या तंत्रशिक्षण संस्थेला दहा लाख मार्कांची देणगी दिली. युद्धकाळातील नफ्याचा मोठा भाग नेकर नदीवरील कालव्यासाठी दिला. १९२१ मध्ये थोरला मुलगा दीर्घ आजाराने गेला आणि वारसाचे स्वप्न भंगले.

आयुष्याची अखेर मात्र सरळ रेषेत बसणारी नाही. नाझी राजवट त्यांना मान्य नव्हती. छळ सोसणाऱ्या ज्यूंना त्यांनी मदत केली आणि राजवटीचे विरोधक कार्ल गर्डेलर यांना १९३७ मध्ये कंपनीत सल्लागार म्हणून आश्रय दिला. त्याच वेळी त्यांचे कारखाने युद्धसामग्री बनवीत होते आणि युद्धकाळात तेथे हजारो सक्तीचे मजूर राबविले गेले. हे दोन्ही सांगितल्याखेरीज त्यांचे चरित्र पुरे होत नाही. १२ मार्च १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. जेमतेम महिनाभर आधी, ११ फेब्रुवारीला, वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी देह ठेवला होता. संपत्तीचे आपण मालक नसून विश्वस्त आहोत, ही धारणा दोघांच्याही आयुष्यात दिसते. बॉश यांच्या इच्छेनुसार पुढे कंपनीचे नव्वद टक्क्यांहून अधिक भांडवल त्यांच्या नावाच्या लोकसेवी प्रतिष्ठानाकडे गेले.

या दोन नावांची गाठ पुढे महाराष्ट्रातच पडली. बॉश समूहाची मायको ही कंपनी १९५१ मध्ये भारतात स्थापन झाली. तिच्या डिझेल पंपांनी हे नाव ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यांच्या तोंडी रुळविले, तर नाशिकमध्ये एका चौकाची ओळखच मायको सर्कल अशी झाली. मोटारगाड्यांतील एबीएस कंपनीने १९७८ मध्ये बाजारात आणले. वळणावर झुकलेल्या मोटारसायकलीचा कोन मोजून ब्रेक आवरणारी यंत्रणा २०१३ मध्ये केटीएमच्या गाडीत आली. बजाज ऑटोच्या चाकण येथील कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम आरसी ३९० या स्पोर्ट मोटारसायकलीला २०१७ मध्ये राइड-बाय-वायर, तर २०२२ च्या आवृत्तीत ट्रॅक्शन कंट्रोल आणि वळणावरचे एबीएस मिळाले.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या मोटारसायकलींना एबीएस अनिवार्य झाले. त्या नियमाने लहान गाड्यांना एकत्रित ब्रेक यंत्रणेची मुभा ठेवली, आणि नरखेड-काटोलच्या शेतरस्त्यांवर धावणाऱ्या गाड्या बहुतांशी लहानच असतात. मातीने माखलेले डांबर गाडीची किंमत पाहून निसरडे होत नाही. बॉश यांचा मॅग्नेटो मूठभर श्रीमंतांच्या वाहनांतून सर्वसामान्यांच्या इंजिनांपर्यंत पोहोचला, तेव्हाच त्याचे मोल सिद्ध झाले. चालकाला सावरणाऱ्या या यंत्रणांचे मोलही त्याच मापाने मोजले जाईल.