ज्युलियस लिलिएनफेल्ड : काळाच्या आधी आलेला संशोधक

पाठाविषयी

मोबाईल, संगणक, इन्व्हर्टर, मनगटी घड्याळ अशा असंख्य उपकरणांमध्ये क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टर हा घटक काम करीत असतो. याची कल्पना सर्वप्रथम मांडणाऱ्या शास्त्रज्ञाचे चरित्र या पाठात दिले आहे. चरित्राच्या ओघात हा ट्रान्झिस्टर कसा चालतो आणि त्याचे प्रकार कोणते, हेही आपण समजून घेणार आहोत.

तीन पायांचा काळा तुकडा

मे महिन्यातील दुपार आहे. दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीत वीज गेली आहे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येऊन दिल्लीच्या अशा वसाहतींमध्ये राहिलेली मराठी कुटुंबे थोडी नाहीत. अशाच एखाद्या घरात वीज जाताच क्षणभर शांतता पसरते, कोपऱ्यातील इन्व्हर्टर हलकासा आवाज करतो आणि पंखा पुन्हा फिरू लागतो. घरातील माणसे आपापल्या कामाला लागतात. हे कसे घडले, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

पुढे कधी इन्व्हर्टर बिघडला, की दुरुस्ती करणारा कारागीर त्याची पेटी उघडतो. आत एका ओळीत तीन-तीन पायांचे काळे तुकडे बसविलेले दिसतात. कारागीर त्यांना मॉस्फेट म्हणतो. बॅटरीतील वीज एकाच दिशेने वाहते. घरातील पंख्याला मात्र दर सेकंदाला ५० आवर्तने घेणारी, दिशा बदलणारी वीज लागते. बॅटरीचा प्रवाह अतिशय वेगाने सुरू आणि बंद करून हा बदल घडविण्याचे काम ते काळे तुकडे करतात. त्यांच्यामागची मूळ कल्पना १९२५ साली कागदावर उतरली होती. ती मांडणाऱ्या माणसाचे नाव ज्युलियस एडगर लिलिएनफेल्ड.

बालपण आणि शिक्षण

लिलिएनफेल्ड यांचा जन्म १८ एप्रिल १८८२ रोजी लेम्बर्ग या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. आज ते ल्विव्ह या नावाने युक्रेनमध्ये आहे. १९०० साली ते शिक्षणासाठी बर्लिनला गेले आणि १९०५ मध्ये तेथील विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. त्यानंतर लायप्झिग विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेत ते काम करू लागले.

लायप्झिगमधील त्यांचे संशोधन विविध प्रकारचे होते. वायू अतिशय थंड करून त्यांचे द्रवात रूपांतर करणे, हायड्रोजन भरलेल्या झेपेलिन हवाई जहाजांच्या कामात साहाय्य करणे, क्ष-किरणांची सुधारित नळी तयार करणे अशा अनेक विषयांत त्यांनी लक्ष घातले. निर्वात नळीतून वीज कशी वाहते, हा त्यांच्या विशेष आवडीचा विषय होता. केवळ सिद्धान्त मांडून ते थांबत नसत. त्या सिद्धान्तातून उपयोगी वस्तू तयार व्हावी, असा त्यांचा ध्यास असे. म्हणूनच शोधनिबंधांबरोबर त्यांच्या नावावर अनेक पेटंटेही नोंदली गेली. पेटंट म्हणजे शोधाचा मालकी हक्क मान्य करणारी सरकारी नोंद.

१९२० च्या दशकात जर्मनीत ज्यूविरोधी वातावरण वाढत चालले होते. याच दशकात लिलिएनफेल्ड अमेरिकेला गेले आणि पुढे तेथेच स्थायिक झाले. १९२६ मध्ये न्यूयॉर्क येथे बिएट्रिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

कल्पनेचा उगम

त्या काळी रेडिओ नुकताच घरोघरी पोहोचू लागला होता. रेडिओमध्ये क्षीण संदेश सबळ करण्यासाठी काचेच्या निर्वात नळ्या वापरीत. या नळ्यांतील तार तापवावी लागे. त्यामुळे वीज पुष्कळ खर्च होई, नळ्या तापत, फुटत आणि काही काळाने निकामी होत. निर्वात पोकळीत जे काम होते, तेच एखाद्या घन पदार्थात, काहीही न तापवता, करता येईल का, असा प्रश्न लिलिएनफेल्ड यांनी हाती घेतला.

त्यांचे उत्तर समजून घेण्यासाठी शेतातील पाटाचे उदाहरण घेऊ. पाटाच्या एका टोकाकडून पाणी येते आणि दुसऱ्या टोकाकडून शेतात जाते. मध्ये एक दार असते. पाटकरी दार थोडे उचलतो तेव्हा थोडे पाणी जाते, पूर्ण उचलतो तेव्हा भरपूर जाते. दार हलवायला लागणारी शक्ती थोडी, पण तिच्यामुळे नियंत्रित होणारा प्रवाह मोठा.

क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टरच्या तीन पायांचे काम असेच चालते. जेथून विद्युतभार आत येतात त्या टोकाला सोर्स म्हणजे उगम, जेथून बाहेर पडतात त्या टोकाला ड्रेन म्हणजे निचरा आणि मधल्या टोकाला गेट म्हणजे दार म्हणतात. उगमापासून निचऱ्यापर्यंतच्या वाटेला चॅनेल किंवा मार्ग असे नाव आहे. एक फरक मात्र लक्षात ठेवला पाहिजे. पाटाचे दार पाण्यात उतरते. या ट्रान्झिस्टरचे दार प्रवाहात उतरत नाही. दाराला विद्युतदाब दिला, की त्याच्याभोवती विद्युतक्षेत्र निर्माण होते. ते क्षेत्र दुरूनच मार्गातील विद्युतभारांना ओढते किंवा दूर ढकलते. त्यामुळे मार्ग रुंद होतो, अरुंद होतो किंवा पूर्ण बंद होतो. क्षेत्राच्या परिणामाने चालणारा म्हणून तो क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टर.

लिलिएनफेल्ड यांनी २२ ऑक्टोबर १९२५ रोजी कॅनडात आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. काचेच्या दोन तुकड्यांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा धरून त्याची कड दार म्हणून वापरायची आणि तिच्यावर तांबे व गंधक यांच्या संयुगाचा अतिशय पातळ थर द्यायचा, अशी ती रचना होती. अमेरिकेतील पेटंट त्यांना २८ जानेवारी १९३० रोजी मिळाले. १९२८ मध्ये त्यांनी आणखी एक रचना सुचविली. तीत ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर त्याच धातूच्या ऑक्साइडचा वीज न वाहू देणारा थर होता आणि त्यावर मार्गाचा पातळ थर होता. धातू, ऑक्साइड आणि अर्धसंवाहक अशी ही तीन थरांची मांडणी आजच्या मॉस्फेटच्या मांडणीशी मिळतीजुळती आहे. वीज चांगली वाहू देणारा तो संवाहक, मुळीच वाहू न देणारा तो विद्युतरोधक आणि या दोहोंच्या मध्ये बसणारा तो अर्धसंवाहक.

साधनांची उणीव

एवढी स्पष्ट कल्पना असूनही बाजारात तसे एकही उपकरण आले नाही. याला अनेक कारणे होती. लिलिएनफेल्ड यांनी या विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला नाही. त्यामुळे अन्य शास्त्रज्ञांचे त्याकडे लक्ष गेले नाही. शिवाय अर्धसंवाहक शुद्ध स्वरूपात मिळविण्याची विद्या त्या काळी अवगत नव्हती.

सर्वांत मोठी अडचण पृष्ठभागाची होती. स्फटिकाच्या आत प्रत्येक अणू चारही बाजूंनी शेजारच्या अणूंशी जोडलेला असतो. पृष्ठभागावरच्या अणूंची एक बाजू मात्र मोकळी राहते. दाराच्या क्षेत्राने ओढलेले इलेक्ट्रॉन अशा मोकळ्या जागी अडकून पडतात. अडकलेले इलेक्ट्रॉन क्षेत्राला आत पोहोचू देत नाहीत. पाटाच्या दाराचा दोर ओढावा आणि तो मध्येच अडकल्याने दार जागचे हलू नये, तशीच ही स्थिती होती. हे कारण बेल प्रयोगशाळेतील जॉन बार्डीन यांनी १९४६ मध्ये उलगडले. लिलिएनफेल्ड यांच्या पेटंटनंतर तोवर बराच काळ लोटला होता.

लिलिएनफेल्ड मात्र एका अपयशाला कवटाळून बसले नाहीत. मॅसॅच्युसेट्स राज्यातील माल्डन येथे त्यांनी विद्युतभार साठविणाऱ्या घटकांवर, म्हणजे कंडेन्सरवर, मोलाचे काम केले. १९३४ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. गव्हाच्या शेतांमुळे होणाऱ्या ॲलर्जीचा त्यांना त्रास होता. तो टळावा या आशेने १९३५ मध्ये कॅरिबियन समुद्रातील सेंट टॉमस या बेटावर त्यांनी घर बांधले. उर्वरित आयुष्यात ते त्या बेटावरून अमेरिकेत जाऊन-येऊन आपल्या नवनव्या कल्पना पारखीत राहिले.

जुने पेटंट पुन्हा समोर

डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला चालता ट्रान्झिस्टर तयार केला. तो क्षेत्र-परिणामाचा नव्हता. त्याची रचना वेगळी होती. त्यांच्या गटाचे प्रमुख विल्यम शॉकली यांनी मात्र दोन वर्षे आधीपासून क्षेत्र-परिणामाचा विचार चालविला होता. पेटंटची कागदपत्रे तयार करताना वकिलांनी जुन्या नोंदी तपासल्या. तेव्हा लिलिएनफेल्ड यांचे पेटंट समोर आले. क्षेत्र-परिणामाच्या मूळ कल्पनेवर हक्क सांगणे त्यामुळे कठीण झाले आणि त्या आधारे अर्ज करण्याचा विचार सोडून द्यावा लागला. विस्मृतीत गेलेल्या एका कागदाने जगातील अग्रगण्य प्रयोगशाळेची वाट अडविली होती. १९५६ मध्ये शॉकली, बार्डीन आणि ब्रॅटन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लिलिएनफेल्ड यांना तसा मान मिळाला नाही.

क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टरचे प्रकार

यापुढे ही कल्पना वेगाने साकार होऊ लागली. तिचे प्रकार समजण्यासाठी एक गोष्ट प्रथम पाहू. सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचा अंश मिसळला, की त्यात मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात. त्याला एन-प्रकार म्हणतात. बोरॉनचा अंश मिसळला, तर इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, म्हणजे पोकळ्या, वाढतात. तो पी-प्रकार होय. मार्गात इलेक्ट्रॉन वाहत असतील तर एन-मार्गी आणि पोकळ्या वाहत असतील तर पी-मार्गी ट्रान्झिस्टर होतो. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन पोकळ्यांपेक्षा चपळ असतात. म्हणून एन-मार्गी ट्रान्झिस्टर अधिक वेगवान असतो.

पहिला प्रकार जेफेट, म्हणजे संधी असलेला. शॉकली यांनी १९५२ मध्ये त्याचा सिद्धान्त मांडला आणि पुढच्याच वर्षी तो प्रत्यक्षात आला. यात पृष्ठभागाची अडचण टाळलेली असते, कारण मार्ग स्फटिकाच्या आत असतो. एन-प्रकारच्या मार्गाच्या कडेला पी-प्रकारचे दार जोडलेले असते. दाराला उलटा विद्युतदाब दिला, की त्यांच्या संधीजवळ मोकळ्या विद्युतभारांचा अभाव असलेला पट्टा पसरतो आणि मार्ग अरुंद होतो. दाराला दाब दिलेला नसताना हा मार्ग खुलाच असतो. हा प्रकार फारशी खरखर निर्माण करीत नाही. म्हणून लहान मायक्रोफोनमध्ये आवाजाचा क्षीण संदेश सबळ करण्यासाठी तो वापरतात.

दुसरा प्रकार मॉस्फेट. १९५९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील मोहम्मद अटाला आणि डॉन काहंग यांनी तो तयार केला. सिलिकॉन तापवून त्याच्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचा स्वच्छ, सलग थर वाढविला असता पृष्ठभागावरच्या मोकळ्या जागा बहुतांशी भरून निघतात. अडकलेला दोर अशा रीतीने सुटला. यात दार आणि मार्ग यांच्यामध्ये ऑक्साइडचा थर असल्यामुळे दारातून जवळजवळ मुळीच वीज वाहत नाही.

मॉस्फेटचे पुन्हा दोन उपप्रकार आहेत. एकात मार्ग आधीपासून तयार असतो आणि दाराच्या दाबाने तो कमी करता येतो. दुसऱ्यात मार्ग मुळात नसतो; दाराचा दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला, म्हणजेच मार्ग निर्माण होतो. इन्व्हर्टरमध्ये हा दुसरा उपप्रकार वापरतात. दाराला दाब नसताना तो बंद राहतो, आणि विजेचे बटण म्हणून काम करताना हाच गुण उपयोगी पडतो.

ऑक्साइडचा थर फार पातळ असतो. आपल्या बोटावर साठलेल्या स्थितिक विजेनेही तो फुटू शकतो. म्हणून कुशल कारागीर असे सुटे भाग हाताळताना मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधतो.

१९६३ मध्ये फ्रँक वॉनलास आणि ची-तांग सा यांनी एन-मार्गी आणि पी-मार्गी मॉस्फेटांची जोडी एकत्र वापरण्याची रीत मांडली. तिला सीमॉस म्हणतात. जोडीतील एक खुला असताना दुसरा बंद असतो. त्यामुळे स्थिर अवस्थेत वीज जवळजवळ खर्च होत नाही. मनगटी घड्याळ लहानशा बॅटरीवर वर्षभर चालते, त्यामागे ही जोडी आहे. आजच्या अनेक मोबाईलच्या मुख्य चिपवर एक हजार कोटींहून अधिक मॉस्फेट सामावलेले असतात.

अखेर

त्याच वर्षी, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, लिलिएनफेल्ड यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नीने मागे ठेवलेल्या देणगीतून अमेरिकन फिजिकल सोसायटीने १९८८ मध्ये त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. पुढे काही संशोधकांनी त्यांच्या पेटंटबरहुकूम उपकरणे बनवून पाहिली. परिणाम क्षीण होता. पण तो होता.

लिलिएनफेल्ड यांची कल्पना चुकीची नव्हती. ती साकारण्यास लागणारे शुद्ध सिलिकॉन आणि निर्दोष ऑक्साइड त्यांच्या हाती नव्हते. ते मिळेपर्यंत आणखी कितीतरी माणसांना खपावे लागले. बार्डीन यांनी अडचण ओळखली, अटाला आणि काहंग यांनी ती दूर केली, वॉनलास आणि सा यांनी तिच्यातून नवी वाट काढली. शोधाचे श्रेय एका नावावर लिहिणे सोपे असते. शोधाचा खरा इतिहास मात्र अशा अनेक हातांनी लिहिला जातो. त्यांपैकी पहिला हात कोणाचा, हे विसरले जाऊ नये, एवढीच न्यायाची अपेक्षा.

लक्ष्मीबाई नगरमधल्या त्या घरात पुन्हा वीज येते आणि इन्व्हर्टर शांत होतो. पेटीतील तीन पायांचे तुकडे आता स्वस्थ असतात. १९२५ साली एका माणसाने कागदावर रेखाटलेले दार तेथे पुढच्या हाकेची वाट पाहत असते.

स्वाध्याय

१. निर्वात नळ्यांतील कोणत्या उणिवांमुळे लिलिएनफेल्ड यांना नव्या रचनेचा विचार करावासा वाटला?

२. पाटाचे दार आणि ट्रान्झिस्टरचे दार यांतील साम्य व फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.

३. जेफेट आणि मॉस्फेट यांची तुलना करा. इन्व्हर्टरसाठी मॉस्फेटचा कोणता उपप्रकार सोयीचा आहे व का?

४. पेटंट असूनही लिलिएनफेल्ड यांचा शोध दीर्घकाळ दुर्लक्षित का राहिला? तुमच्या परिचयातील एखाद्या कारागिराची किंवा शेतकऱ्याची अशीच दुर्लक्षित राहिलेली कल्पना आठवते का? तिच्याविषयी दहा ओळी लिहा.