उद्यानप्रेमी विल्यम कॅरी

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपली दृष्टि बहुधा त्यांच्या मोठ्या कार्यावर खिळते. त्यांच्या फावल्या वेळाकडे आपण पाहत नाहीं. परंतु पोटाचा उद्योग आणि लौकिकाचें काम आटोपल्यावर मनुष्य ज्या गोष्टीकडे आपण होऊन वळतो, तींत त्याचा खरा स्वभाव प्रकट होतो, असें आम्हांस वाटतें. विल्यम कॅरी हें नांव मिशनच्या आणि देशी भाषांतील मुद्रणाच्या इतिहासांत सर्वश्रुत आहे. त्यांनीं मराठी भाषेचें व्याकरण इ. स. १८०५ मध्यें प्रसिद्ध केलें आणि १८१० मध्यें मराठीचा कोश छापिला. परंतु हेच गृहस्थ बंगालच्या उष्ण व दमट हवेंत आयुष्यभर फुलझाडांचे कंद लावीत व जपत होते, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. त्यांच्या चरित्राची ही बाजू वाचकांपुढें मांडावी, एवढाच आमचा हेतु आहे.

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील नॉर्थम्प्टन परगण्यांत पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. वडील एडमंड हे आरंभीं मागावर कापड विणीत. पुढें ते गांवच्या शाळेचे मास्तर झाले. पीटर नांवाचे एक चुलते कॅनडांत शिपाईगिरी करून परत आले होते व माळीकाम करून राहत असत. त्यांच्या तोंडून दूरच्या मुलुखांच्या गोष्टी ऐकाव्या आणि त्यांच्या हाताखालीं रोपें लावावीं, हा विल्यमचा बालपणींचा आनंद होता. त्याची निजण्याची खोली किडे, पांखरें व रानांतून आणिलेल्या झाडपाल्यानें भरलेली असे. प्रवासाच्या कथांचा त्याला इतका नाद होता कीं सवंगडी त्याला कोलंबस म्हणून हांक मारीत.

मुलाचें मन माळीकामांत होतें; देह मात्र तसा नव्हता. उन्हांत काम केलें कीं त्याच्या चेहऱ्याच्या व हातांच्या कातडीची आग होई आणि रात्रभर झोंप येत नसे. शेतांतील मजुरी कशीबशी करून पाहिल्यावर वडिलांनीं त्याला जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवार ठेविलें. अशा रीतीनें ज्याला माळी व्हावयाचें होतें तो चांभारकामाला लागला. पण हातांत आरी असतां त्याचें डोकें रिकामें नव्हतें. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच व फ्रेंच या भाषा त्यानें जोडे शिवतां शिवतां आणि पुढें खेड्यांतील पाद्री व शिक्षक म्हणून अर्धपोटीं राहून आपल्याच मेहनतीनें शिकून घेतल्या. कॅप्टन कुकच्या सफरींचीं वर्णनें वाचून त्यानें जगाचा एक मोठा नकाशा तयार केला. त्या दिवसांतही घरामागच्या तुकड्यांत कांहींना कांहीं लावल्यावांचून त्याला चैन पडत नसे.

इ. स. १७९२ मध्यें त्यांच्या खटपटीनें बॅप्टिस्ट मिशनची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षीं जूनमध्यें पत्नी डॉरोथी व मुलें यांसह ते एका डॅनिश गलबतानें हिंदुस्थानास निघाले. नोव्हेंबरांत ते कलकत्त्यास पोहोंचले. आरंभींचे दिवस अत्यंत हालाचे गेले. १७९४ मध्यें उत्तर बंगालांत मदनाबाटी येथें निळीच्या कारखान्यावर त्यांना देखरेखीचें काम मिळालें. तेथें तापानें घर पछाडलें. पांच वर्षांचा मुलगा पीटर त्याच वर्षीं गेला. डॉरोथीबाईंच्या मनावर त्याचा असा आघात झाला कीं त्यांची बुद्धि भ्रमली व १८०७ मध्यें मृत्यु येईपर्यंत ती ठिकाणावर आली नाहीं. अशा काळांत स्वदेशीं मित्रांना धाडलेल्या पत्रांत कॅरींनीं काय मागितलें? विळे, कोयते, नांगराचीं चाकें आणि दरवर्षीं फळझाडांचें, धान्याचें व भाजीपाल्याचें बीं! हीं मागणी कोणास विचित्र वाटेल. आम्हांस तींत दुःखी मनुष्याचें शहाणपण दिसतें. ज्याच्या घरांत कांहींच त्याच्या हातीं राहिलें नव्हतें, त्यानें निदान एका वाफ्याची तरी जबाबदारी आपल्या हातीं ठेविली.

१० जानेवारी १८०० रोजीं कॅरी श्रीरामपूर या हुगळीकांठच्या डॅनिश वसाहतींत राहावयास आले. मार्शमन व वॉर्ड या सहकाऱ्यांसह त्यांनीं तेथें छापखाना काढिला. त्या छापखान्यांतून मराठीचींच नव्हे, तर आपल्या कोंकणी बोलीचींही पुस्तकें निघालीं. १८०१ पासून ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली व पुढें संस्कृत आणि मराठी शिकवूं लागले. मराठीच्या कामीं त्यांना वैजनाथ पंडितांचें साहाय्य होतें. हा सारा उद्योग आम्ही एका वाक्यांत आटोपतों, कारण त्याचा वृत्तांत अन्यत्र पुष्कळ आढळतो. येथें पाहावयाची आहे ती त्यांची बाग.

ही बाग सुमारें पांच एकरांची होती. झाडांची मांडणी स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांच्या वर्गीकरणाप्रमाणें केलेली होती, म्हणजे एका वर्गांतील झाडें एकत्र. सूर्योदयाबरोबर कॅरी बागेंत जात. प्रार्थना व चिंतन तेथेंच करीत आणि मग पंडितांबरोबर भाषांतरास बसत. कलकत्त्याच्या सरकारी वनस्पति-उद्यानाचे प्रमुख डॉ. विल्यम रॉक्सबर्ग यांच्याशीं त्यांचा मोठा स्नेह होता. दोघांमध्यें बीं व रोपें यांची सतत देवघेव चाले. रॉक्सबर्ग यांनीं वृक्षांच्या एका जातिसमूहाला आपल्या मित्राचें नांव दिलें. त्या समूहांतला सर्वांत ठाऊक असलेला वृक्ष म्हणजे आमच्या कोंकणांतील डोंगरउतारांवर वाढणारा कुंभा. शास्त्रीय भाषेंत त्याला करेया आर्बोरिया म्हणतात.

परंतु कॅरी यांचा जीव विशेषेंकरून कंदांवर होता. कंद म्हणजे झाडानें वाईट दिवसांसाठीं भरून ठेविलेलें कोठार. ट्यूलिपचे मूळ रानटी प्रकार मध्य आशियाच्या डोंगराळ मुलुखांतले. हिवाळ्यांत वर बर्फ असतां ते मातीखालीं निजतात आणि बर्फ वितळतांच थोडक्या दिवसांत पानें, फूल व बीं हें सर्व उरकून घेतात. हिमाच्छादित पर्वतांवरील इवलीं झाडें व कंद दगडांच्या फटींत लावून वाढविण्याचा छंद युरोपांत पुढें फार बळावला. अशा झाडांना उष्ण देशांत आणणें हें कठीण काम. थंडीची झोंप न मिळाल्यास यांपैकीं पुष्कळ कंद फूलच धरीत नाहींत. कॅरी यांना हें माहीत होतें. तरी ते मागवीत राहिले. इंग्लंडांतील मित्रांस ते लिहीत कीं, गांवांतल्या एखाद्या पोराला दोन पैसे देऊन रानफुलांचें बीं गोळा करवावें, बहर संपल्यावर कंद खणून घ्यावे आणि नीट बांधून धाडावे. मोलुक्का बेटांत अंबोयना येथें गेलेला आपला मुलगा जेबेझ यालाही झाडें व कंद धाडण्याविषयीं ते वारंवार सांगत. कंदवर्गाचे प्रख्यात जाणकार रेव्हरंड विल्यम हर्बर्ट यांच्याशीं त्यांचा व्यवहार होता. आपल्याकडे ज्याला नागदवणा म्हणतात त्या कुळांतील एका कंदाला हर्बर्ट यांनीं कॅरींचें नांव दिलें आहे.

या छंदांतला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. एकदां इंग्लंडांतून बियांची पिशवी आली. बीं काढून घेतल्यावर तळाशीं चिमूटभर माती राहिली. दुसऱ्या कोणीं ती फेंकून दिली असती. कॅरींनीं ती बागेच्या एका सावलीच्या कोपऱ्यांत झाडून टाकिली. कांहीं दिवसांनीं तेथें एक अंकुर आला आणि त्याला इंग्लंडच्या कुरणांतलें साधें डेझीचें फूल लागलें. तीस वर्षांत त्यांनीं तें पाहिलें नव्हतें. त्यांना झालेला हर्ष इतका मोठा होता कीं, त्यावर जेम्स मॉंटगोमेरी या कवीनें कविता रचिली. तें झाड बंगालचा उन्हाळा सोसूं शकत नसे. म्हणून दरसाल त्याचें बीं धरून पुन्हा पेरावें लागे, आणि कॅरी तें पेरीत. मायदेशीं ते पुन्हा कधींच गेले नाहींत. त्यांच्या वांट्याला आलेला मायदेश एवढाच होता.

छंद आपल्यापुरता ठेवणें हें मात्र त्यांच्या स्वभावांत नव्हतें. रॉक्सबर्ग प्रकृति बिघडून स्वदेशीं गेल्यावर त्यांच्या बागेंतील सुमारें साडेतीन हजार वनस्पतींची यादी कॅरींनीं १८१४ मध्यें श्रीरामपुरास छापिली. आणि त्या मित्राचा हिंदी वनस्पतींवरील मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर संपादून १८३२ मध्यें तीन भागांत पुरा केला. १४ सप्टेंबर १८२० रोजीं कलकत्त्यास त्यांच्या पुढाकारानें कृषि व उद्यानविद्येची संस्था स्थापन झाली. एतद्देशीय गृहस्थांनाही तिचें सभासदत्व मोकळें असावें, असा त्यांचा आग्रह होता. १८२३ मध्यें लंडनच्या लिनियन सोसायटीनें त्यांना आपले सदस्य करून घेतलें.

येथें त्यांच्या एका उणिवेचा उल्लेख न करणें अप्रामाणिकपणाचें होईल. जो हात रोपांवर इतका दक्ष होता तो स्वतःच्या मुलांवर तितका नव्हता. आई आजारी, बाप कामांत. मुलें मोकाट वाढत होतीं. हन्ना मार्शमन व वॉर्ड यांनीं त्यांना जवळ केलें म्हणून तीं मार्गाला लागलीं. थोर मनुष्याचेंही लक्ष सर्वत्र पुरत नाहीं, आणि त्याची भरपाई बहुधा दुसरा कोणी मुकाट्यानें करीत असतो. कॅरींच्या चरित्रांत हन्नाबाईंचें स्थान म्हणूनच मोठें आहे.

आपत्तींनीं त्यांची पाठ कधीं सोडिली नाहीं. ११ मार्च १८१२ च्या रात्रीं छापखान्याला आग लागली. अनेक लिप्यांचे खिळे वितळले आणि वर्षांनुवर्षांचीं हस्तलिखितें जळालीं. कॅरींनीं तीं भाषांतरें पुन्हा लिहावयास घेतलीं. १८२३ च्या ऑक्टोबरांत होडींतून उतरतांना ते पडले व मांडीला जबर दुखापत झाली. कित्येक महिने कुबड्यांवांचून चालतां येईना. त्याच सुमारास दामोदर नदीला महापूर आला. पाणी बागेंत शिरलें, नदीनें कांठ कापीत आणिला आणि कॅरींना राहतें घर सोडावें लागलें. पूर ओसरला तेव्हां वर्षांच्या मेहनतीवर गाळ पसरला होता. त्या वेळीं त्यांचें वय बासष्ट होतें. बाग पुन्हा लावण्यास हें वय थोडें नव्हे. पण त्यांनीं ती पुन्हा लाविली.

शेवटच्या दुखण्यांत चालणें बंद झालें तेव्हां ते चाकें लाविलेल्या खुर्चीवर बसून बागेंतून हिंडत. तेंही जमेना तेव्हां मुख्य माळ्याला खोलींत बोलावून कोणत्या झाडाला काय करावें हें सांगत. मरणाची त्यांना भीति नव्हती. एक चिंता मात्र होती. आपल्यामागें बंधु मार्शमन बागेंत गाई सोडतील, अशी ती चिंता त्यांनीं बोलून दाखविली. मार्शमन यांनीं तसें होणार नाहीं असें वचन दिलें. ९ जून १८३४ रोजीं कॅरी यांनीं देह ठेविला. मार्शमन यांनीं शब्द पाळिला. परंतु काळानें तो पाळिला नाहीं. पुढें बाग उजाड झाली आणि आज ती कोणाला पाहावयास मिळत नाहीं.

मग उरलें काय? ग्रंथ उरले, नांवें उरलीं आणि एक दृष्टि उरली. त्या दृष्टीनें आम्ही आमच्या सिंधुदुर्गाकडे पाहूं लागलों तर मालवण-देवगडकडील जांभ्याचे सडे निराळेच दिसतात. उन्हाळ्यांत त्यांवर गवताची काडीही हिरवी नसते. लोक त्यांना ओसाड म्हणतात आणि चिरेखाणीपलीकडे त्यांचा कांहीं उपयोग मानीत नाहींत. पण मिरगाचा पाऊस पडला कीं कातळाच्या खळग्यांतील वीतभर मातींतून पांढऱ्या फुलांची दीपकाडी वर येते. युरोपच्या डोंगरांतले कंद बर्फाखालीं निजतात. हा कंद उन्हाखालीं निजतो, एवढाच भेद. निकोल डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८५० मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध करितांना त्याच्या नांवांत कोंकणचें नांव गुंफिलें. मुख्यत्वें रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोवा येथल्या सड्यांवरच त्याची वस्ती आहे. जेथें चिऱ्यासाठीं कातळ कापिला जातो तेथून तो कायमचा जातो. गाळ धुऊन पुन्हा लावावयास तेथें कॅरींची बाग नाहीं.

विद्यार्थ्यांनीं कॅरींप्रमाणें अनेक भाषा शिकाव्या, असें आम्ही म्हणणार नाहीं. तें प्रत्येकाच्या हातचें नाहीं. परंतु पायाखालच्या मातीला ओसाड म्हणण्यापूर्वीं एक पावसाळा थांबून पाहणें प्रत्येकाच्या हातचें आहे. आणि तें पाहतांना दीपकाडी उपटून घरच्या कुंडींत आणूं नये. ती जेथें निजते तेथेंच तिला राहूं द्यावी. रिकाम्या पिशवींतली चिमूटभर मातीही ज्यानें व्यर्थ दवडिली नाहीं, त्या पुरुषाच्या स्मृतीस यापेक्षां उचित असा मान आम्हांस दिसत नाहीं.