तापीकाठी आलेला अभियंता : मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

इ. स. १८९६ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातील एक तरुण कार्यकारी अभियंता सुरतेस रुजू झाला. त्या काळी समुद्राची भरती तापीच्या पात्रातून शहरापर्यंत चढून येई आणि गोडे पाणी खारट करून सोडी. पावसाळ्यात तीच नदी घरांत शिरे. १८८३ च्या महापुराच्या आठवणी अजून ताज्या होत्या. नगराची पाणीपुरवठा योजनाही त्याच सुमारास आकारास येत होती. या तरुणाचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आम्हां सुरतेच्या मराठी शाळेतील मुलांस त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटते, कारण सुरतेस येण्यापूर्वीच त्यांची तापीच्या खोऱ्याशी ओळख झाली होती, आणि ती मोठी कठीण होती.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. बालपणीच पितृछत्र हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूर येथे पदवी मिळविली आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले. १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आल्यावर त्यांस लगेच सरकारी नोकरी मिळाली.

१८८४ मध्ये खानदेशात असताना पांझरा नदीवर दातर्ती येथे नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. सायफन म्हणजे नळातून पाणी खाली उतरवून दुसऱ्या बाजूस पुन्हा वर चढविण्याची युक्ती. काम हाती घेतले आणि पावसाने नदी फुगली. अशा कामाचा पाया भरताना पात्रात उतरावे लागते. पुराच्या पाण्यात ते कसे जमावे? पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे त्यांनी वरिष्ठांस लिहून कळविले. ते वरिष्ठांस रुचले नाही. हुकूम पाळण्याची टाळाटाळ असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला.

नोकरी नवी, घरची परिस्थिती बेताची, आणि पहिल्याच मोठ्या कामावर असा ठपका! आम्हांस वाटते, त्या पत्रात वावगे काही नव्हते. नदी चढलेली असताना ती चढली आहे असे सांगणे हेही अभियंत्याचेच काम. परंतु विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. ते कामावर परतले आणि पुराचे अडथळे सोशीत त्यांनी तो सायफन पुरा केला. पुढे त्याच वरिष्ठांनी त्यांची वाखाणणी केली. पांझरेचे पाणी तापीस मिळते आणि तापी सुरतेस येते, हे येथे सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

त्यानंतर सिंधमधील सक्कर शहराच्या पाण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. सिंधूचे पाणी अतिशय गढूळ, आणि ते गाळण्याची खर्चिक यंत्रणा नगरपालिकेस परवडेना. तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदविली आणि वाळूतून झिरपून आलेले स्वच्छ पाणी शहरास दिले. जी वाळू नदी फुकट आणून टाकीत होती, तीच गाळणी झाली! हे काम १८९५ मध्ये संपले, आणि पुढच्याच वर्षी ते सुरतेस आले.

सुरतेतील मुक्काम अल्प ठरला; १८९७ मध्ये त्यांची बदली पुण्यास झाली. तेथे खडकवासल्याच्या तलावात अधिक पाणी साठवावयाचे होते. धरणाची भिंत उंचावण्याऐवजी त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे योजिले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत अडे, त्याहून चढले की दरवाजे उघडत आणि पूर ओसरताच मिटत. १९०३ च्या या योजनेने पाण्याची पातळी सुमारे आठ फूट वाढली. शोधाचे हक्क त्यांच्या नावे होते, तरी सरकारी कामासाठी केलेल्या शोधाचे मानधन त्यांनी घेतले नाही.

हैदराबादची पूरयोजना, कावेरीवरील कृष्णराजसागर आणि १९१२ पासूनची म्हैसूरची दिवाणगिरी ही पुढची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. १९५५ मध्ये त्यांस भारतरत्न मिळाले. १९६० साली जन्मशताब्दीचे टपाल तिकीट निघाले, तेव्हा ते पाहावयास ते स्वतः हयात होते. एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले, आणि मुद्देनहळ्ळीस, जन्मगावच्याच मातीत, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.