मूळ हरवले, प्रतिकृती उरल्या

पॅरिसच्या मोंपार्नास रेल्वे स्थानकात १९२५ नंतरच्या काही वर्षांत खेळणी आणि गोळ्या-चॉकलेटे विकणारे एक छोटेसे दुकान होते. टोकदार दाढीचे एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांची पत्नी ते चालवीत. हिवाळ्यात स्थानकात बोचरा वारा शिरे. तरीही हे गृहस्थ सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानात बसून असत. याच माणसाने पंचवीस वर्षांपूर्वी पडद्यावर चंद्राच्या डोळ्यात अग्निबाण घुसवला होता, याची गाडी पकडण्याच्या घाईत असलेल्या प्रवाशांना कल्पनाही नव्हती. त्यांचे नाव जॉर्ज मेलिएस. विज्ञानकल्पनेला पडद्यावर आणणारा आद्य चित्रकर्ता म्हणून जग आज त्यांना ओळखते.

मेलिएस यांची आठवण आणखी एका कारणासाठी ठेवली पाहिजे. १९९६ मध्ये ‘डॉली’ नावाची मेंढी जन्मली आणि एका सजीवाची हुबेहूब प्रत काढता येते, ही गोष्ट पुढच्याच वर्षी घरोघरी पोचली. माणसाचीही अशी प्रत निघाली तर काय, या प्रश्नावर कथा, कादंबऱ्या, चित्रपट यांची रांग लागली. वनस्पतींच्या बाबतीत ही कल्पना आपल्याला नवी नाही. कोकणातल्या हापूसचे प्रत्येक कलम हे मूळ झाडाची प्रतच असते. ‘क्लोन’ हा शब्दही ग्रीक भाषेतील डहाळीवरून आला आणि हर्बर्ट वेबर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने तो १९०३ मध्ये अशाच कलमी रोपांसाठी वापरात आणला. मात्र एका माणसातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा निघताना मेलिएस यांनी त्याच्याही आधी पडद्यावर दाखवला होता. जीवशास्त्र त्यांच्या मनात नव्हते. ते जादूगार होते. पण मूळ आणि प्रत यांचा जो खेळ त्यांनी गंमत म्हणून मांडला, तोच पुढे त्यांच्या आयुष्याची कहाणी होऊन बसला.

मेलिएस यांचा जन्म ८ डिसेंबर १८६१ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील लुई यांचा बुटांचा भरभराटीला आलेला कारखाना होता. मुलाला चित्रकार व्हायचे होते. वडिलांना तो धंद्यात हवा होता. १८८४ मध्ये त्यांना लंडनला पाठवण्यात आले, इंग्रजी सुधारावे आणि व्यवहार कळावा म्हणून. व्यवहार किती कळला कोण जाणे, पण लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये मॅस्केलाइन यांचे जादूचे प्रयोग पाहून तरुण मेलिएस त्या कलेच्या पुरते आहारी गेले. पॅरिसला परतल्यावर काही काळ त्यांनी कारखान्यातली यंत्रे सांभाळली. यंत्रांशी झालेली ही ओळख पुढे फार कामाला आली. १८८८ मध्ये वडील निवृत्त होताच त्यांनी धंद्यातला आपला वाटा भावांना विकला आणि त्या पैशातून रोबेर-ऊदँ हे जादूच्या प्रयोगांचे नाट्यगृह विकत घेतले.

२८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधील पहिला जाहीर चित्रपट-प्रयोग झाला, तेव्हा मेलिएस निमंत्रितांमध्ये होते. खेळ संपताच त्यांनी त्या यंत्रासाठी दहा हजार फ्रँक देऊ केले. ल्युमिएर यांनी नकार दिला. याच यंत्राचा खेळ पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला आणि भारताला चलच्चित्राची ओळख झाली. इकडे मेलिएस हात बांधून बसले नाहीत. लंडनला जाऊन त्यांनी रॉबर्ट पॉल यांनी बनवलेला प्रक्षेपक आणला, त्याची रचना समजून घेतली आणि त्यावरून स्वतःचा कॅमेरा तयार केला. तो इतका खडखडाट करी की ते त्याला कॉफी दळण्याचे यंत्र म्हणत. पॅरिसजवळ माँत्रय येथे कुटुंबाच्या जागेत त्यांनी काचेच्या भिंतींचा आणि काचेच्या छपराचा स्टुडिओ उभारला. दिवे पुरेसे प्रखर नव्हते. चित्रण होई ते सूर्यप्रकाशात. कथा, नेपथ्य, वेशभूषा, दिग्दर्शन आणि बहुतेक वेळा प्रमुख भूमिकाही त्यांचीच असे. भांडवलही त्यांचेच. कोणा सावकाराचा वा कंपनीचा हात त्यांच्या कामावर नव्हता.

१८९८ मध्ये त्यांनी जेमतेम एका मिनिटाचा एक चित्रपट केला. त्यात ते स्वतःचे डोके धडावेगळे करून टेबलावर ठेवतात आणि मानेवर नवे डोके उगवते. असे तीनदा होते. मग ते बॅन्जो वाजवू लागतात आणि टेबलावरची डोकी गाऊ लागतात. गाणे कर्कश वाटताच ते त्यांतली दोन डोकी बॅन्जोच्या फटक्याने नाहीशी करतात. १९०० मधील ‘एकपात्री वाद्यवृंद’ या चित्रपटात त्यांनी आणखी मोठी झेप घेतली. रंगमंचावर सात खुर्च्या मांडलेल्या आहेत. एक माणूस येतो, खुर्चीवर बसतो आणि उठतो, तेव्हा त्याचीच एक प्रत मागे बसलेली राहते. पाहता पाहता सातही खुर्च्या भरतात. प्रत्येकाच्या हाती वेगळे वाद्य, एक जण संचालक, आणि सातही जण मेलिएसच. वादन संपल्यावर ते एकमेकांत विरघळत जातात आणि पुन्हा एकच माणूस उरतो.

आज संगणकावर काही तासांत होणारे हे काम तेव्हा किती जोखमीचे होते, हे समजून घेतले पाहिजे. मागे काळा पडदा असे. काळ्या भागावरून प्रकाश परतत नाही, त्यामुळे फितीचा तेवढा भाग कोराच राहतो. पहिल्या खुर्चीवरचा अभिनय चित्रित झाला की अंधारात फीत उलटी गुंडाळून मूळ जागी आणायची आणि दुसऱ्या खुर्चीसाठी पुन्हा तीच फीत चालवायची. वाद्यवृंदासाठी हा प्रकार सात वेळा करावा लागला. आधीच्या प्रतीने कोणत्या क्षणी मान वळवली होती, हात कुठवर नेला होता, हे मनातल्या मनात मोजत पुढची प्रत वठवायची. मध्ये काय उमटले आहे हे पाहण्याची सोय नव्हती. सातव्या वेळी चूक झाली, तर आधीची सहाही चित्रणे वाया. प्रेक्षक हसत होते, त्यामागे असे घामाचे गणित होते.

१९०२ मध्ये आलेल्या ‘चंद्रावरची सफर’ने त्यांना जगभर पोचवले. या सुमारे चौदा मिनिटांच्या चित्रपटाला तीन महिने लागले आणि खर्च आला दहा हजार फ्रँक. मेलिएस यांच्या काही चित्रफितींतील चौकट अन् चौकट एलिझाबेथ थुइलिए यांच्या कार्यशाळेतील स्त्रिया हाताने रंगवीत. चित्रपट अमेरिकेत तुफान चालला. परंतु त्याचा मोठा फायदा मेलिएस यांना झालाच नाही. एडिसन यांच्या कंपनीने आणि फिलाडेल्फियाच्या सिग्मंड लुबिन यांनी त्याच्या चोरट्या प्रती काढून सर्रास विकल्या. पडद्यावर स्वतःच्या प्रती काढणाऱ्या माणसावर आता आपल्याच कृतींच्या प्रतींशी लढण्याची वेळ आली.

१९०३ मध्ये त्यांनी थोरले बंधू गास्तों यांना न्यूयॉर्कला पाठवून तेथे कार्यालय उघडले. अमेरिकेत चित्रपटाची नोंद करायची तर तेथे निगेटिव्ह हवी, म्हणून प्रत्येक दृश्य एकाच वेळी दोन भिंगांतून दोन फितींवर टिपले जाऊ लागले. एक फ्रान्ससाठी, एक अमेरिकेसाठी. चोरी टाळण्यासाठी योजलेल्या या युक्तीचा एक परिणाम शंभर वर्षांनी उघड झाला. दोन भिंगांत माणसाच्या दोन डोळ्यांसारखेच थोडे अंतर होते. अभ्यासकांनी १९०३ मधील काही चित्रपटांच्या दोन्ही प्रती एकत्र करून २०१० मध्ये पॅरिसला दाखवल्या, तेव्हा पडद्यावर त्रिमिती चित्र उभे राहिले.

धंद्याची हवा मात्र बदलत होती. १९०८ च्या अखेरीस एडिसन यांच्या पुढाकाराने मोठ्या निर्मात्यांची संघटना झाली. मेलिएस यांची कंपनी तिच्यात सामील होती. पण तेथे दर आठवड्याला ठरावीक लांबीची फीत पुरवण्याचे बंधन होते. हाताने मांडणी करणाऱ्या कारागिराला हे कसे झेपावे? फेब्रुवारी १९०९ मध्ये पॅरिसला युरोपीय निर्मात्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी मेलिएस होते. चित्रपट विकायचे नाहीत, भाड्यानेच द्यायचे, असे तेथे ठरले. मेलिएस यांना हे रुचले नाही. त्यांचे मुख्य ग्राहक जत्रांमधले तंबूवाले होते आणि ते फिती विकत घेत. आपण कंपनी नसून स्वतंत्र निर्माता आहोत, अशी भूमिका त्यांनी मांडली. ती खरी होती, पण स्वतंत्र माणसासाठी त्या बाजारात जागाच उरत नव्हती. प्रेक्षकांची आवडही पालटत होती. इतर निर्माते कॅमेरा घराबाहेर नेत होते, लांबलचक कथा सांगत होते. मेलिएस मात्र रंगमंचासमोर रोवलेला कॅमेरा हलवायला तयार नव्हते. हा त्यांचा हट्ट होता आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली, हेही नमूद केले पाहिजे.

१९११ मध्ये त्यांनी शार्ल पाते यांच्याकडून पैसा घेतला आणि माँत्रयचे घर व स्टुडिओ तारण ठेवला. आयुष्यात प्रथमच ते दुसऱ्याच्या भांडवलावर काम करत होते. १९१२ चा ‘ध्रुवावर स्वारी’ हा भव्य चित्रपट पडला. १९१३ मध्ये पत्नी यूजेनी यांचे निधन झाले. त्याच सुमारास त्यांची चित्रपटनिर्मिती कायमची थांबली. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने त्यांच्या शेकडो फिती ताब्यात घेऊन वितळवल्या. त्यातल्या सेल्युलॉइडपासून बुटांच्या टाचा बनवल्या गेल्या, असे सांगतात. बुटांचा धंदा सोडून कलेकडे वळलेल्या माणसाची कला अखेर बुटांतच जावी, यापरता दैवदुर्विलास कोणता? १९२३ मध्ये रस्तारुंदीसाठी रोबेर-ऊदँ नाट्यगृह पाडले गेले आणि माँत्रयची मालमत्ताही गेली. उरलेल्या निगेटिव्ह ठेवायला जागा नव्हती. उद्वेगाच्या भरात मेलिएस यांनी त्या स्वतःच्या हाताने पेटवून दिल्या.

त्यानंतर आले ते मोंपार्नासचे दुकान. डिसेंबर १९२५ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या सहकारी, अभिनेत्री झान दाल्सी यांच्याशी विवाह केला. दुकान त्यांचेच होते. तेथेच पुढे लेओं द्र्युओ या चित्रपट-पत्रकाराने त्यांना ओळखले आणि विस्मृतीचा पडदा हलला. काही चित्रपटांच्या प्रती शोधून काढण्यात आल्या. १६ डिसेंबर १९२९ रोजी पॅरिसच्या साल प्लेयेल सभागृहात त्या दाखवल्या गेल्या आणि तुडुंब भरलेल्या प्रेक्षागृहाने या म्हाताऱ्या जादूगाराला मानवंदना दिली. १९३१ मध्ये त्यांना ‘लेजियों द ऑनर’ हा सन्मान मिळाला. तो त्यांच्या हाती सोपवणारे होते लुई ल्युमिएर, ज्यांच्या घराण्याने कधीकाळी यंत्र विकायला नकार दिला होता. १९३२ मध्ये चित्रपट व्यावसायिकांच्या साहाय्यनिधीने त्यांना ओर्ली येथील विश्रामगृहात निवारा दिला. २१ जानेवारी १९३८ रोजी त्यांचे निधन झाले.

मराठी वाचकाला हे वाचताना दादासाहेब फाळके आठवल्याशिवाय राहणार नाहीत. तेही ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करत. स्वतःच्या हिमतीवर त्यांनीही चित्रपट उभा केला, ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाकडून राम आणि सीता दोघेही वठवून घेतले, आणि त्यांचीही अखेर १९४४ मध्ये नाशिकला विपन्नावस्थेतच झाली. दोघांनी कला जन्माला घातली; व्यापार दुसऱ्यांनी केला.

मेलिएस यांनी पाचशेहून अधिक चित्रपट केले. त्यांतले सुमारे दोनशे आज उपलब्ध आहेत. ते कसे वाचले, यात या कहाणीचे खरे मर्म आहे. फ्रान्समधल्या मूळ निगेटिव्ह त्यांनी जाळल्या. वाचल्या त्या जत्रांतल्या तंबूवाल्यांनी विकत घेतलेल्या प्रती, नोंदणीसाठी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात दिलेल्या प्रती, आणि ज्यांच्यावर ते संतापले होते त्या चोरट्या प्रतीसुद्धा. ‘चंद्रावरची सफर’ची एक रंगीत प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनात सापडली. ती चिकटून दगडासारखी झाली होती. वर्षानुवर्षांच्या परिश्रमांनंतर २०११ मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली. त्याच वर्षी मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘ह्यूगो’मुळे स्थानकावरच्या खेळणीवाल्याची कथा जगभरच्या मुलांनीही पाहिली.

प्रत ही मुळापेक्षा कमअस्सल, हा आपला नेहमीचा समज आहे. मेलिएस यांच्या बाबतीत मूळ राख झाले आणि प्रतींनी त्यांना जिवंत ठेवले. ती सात खुर्च्यांची फीत आज कोणालाही घरबसल्या पाहता येते. त्यातला माणूस एकशेपंचवीस वर्षांपूर्वी खुर्चीवरून उठला. मागे ठेवलेल्या त्याच्या प्रती अजून वाद्ये वाजवीत आहेत.